कथासरित्सागरावरचे गूढ शब्दकोडे: ९×९ चौकट कुठवर आली

आडवी वासवदत्ता (ग्रंथातली राणी), तिच्या वा-मधून उभा सातवाहन (राजा), हा सांगाडा पक्का. वासवदत्ताच्या द-मधून उभा उदयनही (तिचा नवरा) चपखल बसला होता. पण सातवाहनच्या शेवटच्या न-पासून नरवाहनदत्त (त्यांचा मुलगा) आडवा काढला, की त्याचा ह नेमका उदयनच्या न-वर येतो. म्हणून उदयन नरवाहनदत्तच्याच द-वर हलवला. वरच्या बाजूला सातवाहनच्या सा-पासून सागर आडवा, आणि त्याच्या ग-वर तरंग उभा उतरतो. कथासरित्सागर या सोमदेवाच्या ग्रंथात अध्यायांना तरंगच म्हणतात, १२४ आहेत. ही जोडी हलवायची नाही.

एका घरात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर. त्ता, त्त ही घरे छेदाविना, म्हणजे त्यांतून दुसरा शब्द न काढता, सोडली. त्यांना अचूक जुळणारा दुसरा शब्द क्वचितच मिळतो. संगणकाने घरे मोजत असाल तर सांभाळा: युनिकोड (संगणकावरच्या लिपींचे प्रमाण) १५.१ च्या आधीच्या नियमांनी त्ता-चे त् आणि ता असे दोन तुकडे पडतात आणि वासवदत्ता सहा घरांची होते.

तयार सूत्रे, म्हणजे उत्तराकडे नेणारे फसवे इशारे (कंसात घरांची संख्या, पुढे उत्तर किंवा त्याची फोड):

गंध आणि घरगुती दत्तात्रेय मिळून राणी (५): वास + व + दत्ता.

रंगत बिघडली की सोमदेवाचा अध्याय (३): तरंग. अक्षरे फिरवताना अनुस्वार र-बरोबरच जातो.

बोलताना हवे ताळतंत्र, त्यात दडलाय खांद्यावरचा गोष्टीवेल्हाळ (३): वेताळ. याला चौकटीत जागा शोधायची आहे.

पुष्पदंत (ग्रंथातला शिवगण) मात्र बाद. फूल आणि दात म्हटले की सरळ समासविग्रहच झाला, कोडे उरत नाही. वासवदत्ताचा विग्रह वासव + दत्ता, सूत्र मात्र वास-नंतर तोडते. खरी मजा त्या चुकीच्या जागी तोडण्यात आहे. ग्रंथातच याचा अस्सल नमुना आहे. जलक्रीडेत राणी 'मोदकैः' म्हणते, म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका; प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन मोदक मागवतो. त्यावरून सूत्र:

आनंदानंतर पहिले व्यंजन, राजाने चुकून मागवलेले (३): मोद + क.

वासवदत्ताचा द आता मोकळा आहे, पण तिथे मोदक उभा घातला तर त्याचा क खालच्या ह-ला चिकटतो. नरवाहनदत्तच्या द-वर तो नीट बसतो. तेव्हा मोदक तिथे जाणार, आणि उदयनला दुसरा छेद मिळाला नाही तर तो वगळणार.