सावरी ठणठणीत दिसत होती

कपाटामागे उंदरांसाठी ठेवलेली औषधाची वडी जमिनीवर पुढे ओढलेली दिसली, तेव्हा तिच्या एका कडेला दातांच्या रुंद, समांतर खाचा होत्या. उंदराच्या दातांच्या खाचा मी पाहिलेल्या आहेत. त्या बारीक असतात. वडीपासून दोन हातांवर सावरी, आमची पावणेदोन किलोची सशीण, मागच्या पायांवर बसून पुढच्या पंजांनी तोंड पुसत होती आणि तिच्या वरच्या ओठाच्या पांढऱ्या केसांवर निळसर झाक आली होती. वडी तिच्या आवाक्याबाहेर आहे, अशी माझी खात्री होती. ससा अंग चपटे करून किती अरुंद फटीत शिरतो हे तीन वर्षे रोज पाहूनही ती खात्री मी बाळगली, हा दोष सर्वस्वी माझा. शिवाय अशा वड्या बहुधा धान्याचा भरडा आणि मेण यांच्या केलेल्या असतात; म्हणजे कुरतडल्यावाचून ज्याचा दिवस जात नाही, त्याच्यापुढे आपण खाऊच मांडून ठेवतो.

मनात पहिला विचार आला तो तिला ओकारी काढायला लावण्याचा, आणि तोच सर्वांत चुकीचा होता. सशाला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायूंचा वळसा इतका घट्ट असतो आणि जठराची ठेवणच अशी असते की गिळलेले परत वर येत नाही. त्यामुळे कुत्र्यांच्या बाबतीत ऐकलेले उपाय, मग ते मिठाचे पाणी असो वा हायड्रोजन पेरॉक्साइड, सशावर केले तर विष बाहेर पडत नाही. उलट जठराचा दाह होतो, किंवा बळजबरीने ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. दूध किंवा तेल पाजूनही हे विष उतरत नाही. मी तिचे तोंड ओल्या फडक्याने पुसले, उरलेली वडी पिशवीत घातली, कचऱ्यातून वडीचे वेष्टन शोधून काढले आणि पशुवैद्यांना फोन केला. यांपैकी वेष्टन शोधण्यात गेलेली पाच मिनिटे सर्वांत सत्कारणी लागली, असे आज म्हणेन.

कारण ‘उंदरांचे विष’ हे काही एकच विष नव्हे. वडीचा निळा, हिरवा किंवा गुलाबी रंग पाहून आत काय आहे ते कळत नाही. वेष्टनावर ब्रोमाडिओलोन किंवा ब्रोडिफॅकूम लिहिलेले असेल तर ते रक्त गोठू न देणारे विष, आणि त्यावर उतारा आहे. ब्रोमेथॅलिन हे नाव कानाला त्यांच्यासारखेच वाटते, पण ते मेंदूला सूज आणते आणि त्यावर उतारा नाही. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे ड-३ जीवनसत्त्व. त्याच्या अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम भरमसाट वाढून मूत्रपिंडे निकामी होतात. झिंक फॉस्फाइड ही काळपट करडी भुकटी असते. जठरातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो, त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि तो जवळच्या माणसांनाही घातक असतो. अशा प्राण्याला गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवायच्या असतात. आमच्या वेष्टनावर ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के असे छापलेले होते. ते वाचून डॉक्टर म्हणाल्या, “वाईटांतले बरे निघाले. लगेच घेऊन या.”

दवाखान्यात त्यांनी आधी सावरीला तोलले आणि मग वडीला. वीस ग्रॅमच्या वडीतले सात ग्रॅम नाहीसे झाले होते. ०.००५ टक्के म्हणजे एक किलो वडीत ५० मिलिग्रॅम विष. सात ग्रॅममध्ये ०.३५ मिलिग्रॅम, आणि पावणेदोन किलोच्या शरीराला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. सशासाठी या विषाची प्राणघातक मात्रा किलोमागे सुमारे एक मिलिग्रॅम मानली जाते. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, इतक्यात त्यांनी समजावले की प्राणघातक मात्रा म्हणजे ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. रक्तस्राव तिच्या बराच अलीकडे सुरू होऊ शकतो, आणि वडीचा थोडा चुरा जमिनीवर सांडला असेल या आशेवर उपचार ठरवता येत नाहीत.

जठर धुण्याचा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला. त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि सशाचे जठर कधीच रिकामे नसते. तंतुमय चोथ्याने आणि केसांनी भरलेल्या त्या गोळ्यातून बारीक नळीवाटे फारसे काही निघत नाही. त्याऐवजी सक्रिय कोळशाचे, म्हणजे विष शोषून घेणाऱ्या कोळशाच्या भुकटीचे, पाणी सिरिंजने पाजले. सशाचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून सिरिंजचे टोक आडवे सरकवून, थेंब थेंब, प्रत्येक घोट गिळला जातो ना हे पाहत. तिची हनुवटी, छाती आणि माझी बाही काळी झाली. या विषाचा बराच भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो, आणि ससा तर आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. म्हणून तोंड मागे पोहोचू न देणारा रुंद पट्टा गळ्यात घालून ते रोखावे का, असे मी विचारले. पट्ट्याने ससा बिथरतो आणि खाणेच टाकतो, तो धोका इथे मोठा आहे, असे त्यांचे मत पडले. मला ते पटले. ज्या प्राण्याचे आतडे अर्धा दिवस उपाशी राहिल्यानेही मंदावते, त्याच्या बाबतीत कोणत्याही उपायाआधी तो खाईल का, हे पाहावे लागते.

या सर्व काळात सावरी ठणठणीत होती. ती टेबलावरून उडी मारू पाहत होती, डॉक्टरांच्या झग्याचे बटण चावत होती. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात जीवनसत्त्व के वापरून तयार होतात. एकदा वापरलेले हे जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून घेते, आणि हे विष नेमके ते ताजे करण्याचे काम बंद पाडते. पण रक्तात आधीपासून असलेले घटक लगेच संपत नाहीत. ते संपेपर्यंत दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक, प्राणी खातो, पितो, खेळतो. आणि मग एकाएकी छातीत, सांध्यात किंवा कातडीखाली रक्त साठू लागते. पावणेदोन किलोच्या सशात रक्त असते ते सारे मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे लहानसा कपभर. त्यातले किती गेले तर चालेल, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. “तिला काही होताना दिसले की आणतो” असे ज्यांना वाटते, ते उपचाराचे सगळे स्वस्थ दिवस घालवून बसतात.

या विषाच्या इतिहासातही ससा आहेच, हे मला नंतर कळले. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गोड क्लोव्हरचे बुरशी आलेले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, तेव्हा कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी एकाच गंजीतील चांगल्या काड्या एका सशाला आणि खराब काड्या दुसऱ्याला घातल्या. पहिला जगला, दुसरा रक्तस्रावाने मेला. त्याच गवतातून पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने डायकूमरॉल हे रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे केले आणि त्याचे भावंड असलेले वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. उंदीर वॉरफरिनला दाद देईनासे झाले तेव्हा ब्रोमाडिओलोनसारखी दुसऱ्या पिढीची विषे आली. ती यकृतात फार दिवस ठाण मांडून बसतात, म्हणूनच उतारा एकदा देऊन भागत नाही.

तो उतारा म्हणजे जीवनसत्त्व के-१. घरी मी हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, “अरे, मग तिला आंबट फळ दे की!” मराठीत ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे इंग्रजीतले सी, त्यामुळे हा घोटाळा दोन दिवस चालला, शेवटी मी बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘के, क नव्हे’ असे लिहिले. दुसरा प्रश्न असा आला की हिरव्या पाल्यात के-१ भरपूर असते आणि ससा तर पालाच खातो, मग औषध कशाला? पाल्यातले के शरीराला पुरते ते एकच कण पुन्हा पुन्हा वापरता येतो म्हणून. तो पुनर्वापर थांबला की गरज कितीतरी पटींनी वाढते आणि ती पाल्याने भागत नाही. के-३ हे स्वस्त भावंडही इथे कामाचे नाही. पहिली मात्रा कातडीखाली टोचली, कारण पोटात कोळसा असताना तोंडाने दिलेले औषध कोळसाच शोषून घेईल; स्नायूत सुई दिली तर तिथेच रक्त साकळण्याची भीती. पुढचे चार आठवडे सकाळ-संध्याकाळ तोंडाने. मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही, ती वजन आणि विष पाहून पशुवैद्यांनीच ठरवायची असते.

घरी तिला लहान पिंजऱ्यात ठेवले, उड्या बंद, नखे कापणे बंद. दिवसातून तीनदा ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहायचा, कानांना हात लावून ते गार पडले नाहीत ना हे पाहायचे आणि लेंड्या मोजायच्या. दुसऱ्या दिवशी लेंड्या कोळशाने काळ्या पडल्या, तिसऱ्या दिवशी त्यांत निळे कण दिसले.

चौथ्या दिवशी पहाटे कागदावर तळहाताएवढा तांबडा-लाल डाग होता. नेमका त्याच दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, हे मला पाठ झाले होते. तिला टोपलीत घालून दवाखाना उघडण्यापूर्वीच मी दारात उभा राहिलो. डॉक्टरांनी लघवीच्या थेंबात तपासणीची पट्टी बुडवली. रक्ताचा चौकोन पिवळाच राहिला. खाल्लेल्या वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे सशाची लघवी पिवळ्यापासून विटकरी लाल रंगापर्यंत कशीही असू शकते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पट्टीला कळतो. तेव्हापासून तशा पट्ट्यांची डबी मी औषधाशेजारीच ठेवली.

औषध चालू असेपर्यंत रक्ताची चाचणी चांगलीच येणार, कारण औषध विषाला झाकून ठेवते. म्हणून खरी परीक्षा शेवटच्या मात्रेनंतर ४८ तासांनी घ्यायची असते. तिसाव्या दिवशी डॉक्टरांनी कानाच्या कडेच्या शिरेतून थोडे रक्त काढले आणि ताडून पाहण्यासाठी दुसऱ्या एका निरोगी सशाचा नमुनाही सोबत लावला. कानावर कापसाचा बोळा दाबून मी घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे उभा होतो. बोळा उचलला तेव्हा कानावर एक गडद टिपका होता, आणि मी पाहत राहिलो तरी तो तेवढाच राहिला. प्रोथ्रोम्बिन टाइमचा, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा, आकडा संध्याकाळी आला, दुसऱ्या सशाच्या आकड्याला लागूनच. औषध पुन्हा सुरू करावे लागले नाही.