पप्पांचे पाय

बुधवार, रात्री साडेअकरा

आज पप्पांचे पाय कागदावर काढले. नऊ वेळा.

ते कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून खुर्चीत बसले होते, मी खाली फरशीवर पॅड घेऊन. "झालं का गं? पाणी गार झालं," असं तीनदा म्हणाले, पण उठले नाहीत. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख जाड आणि पिवळट, घोट्याखाली एक निळी शीर पार तळव्यापर्यंत गेलेली. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही, पण हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

हा सराव ज्या चित्रासाठी आहे ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातलं, प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो ते. माझ्या चित्रात तांब्याचं घंगाळ आहे आणि प्रभूने कमरेला पंचा बांधलाय. पेत्र या शिष्याचे पाय अगदी समोर येतात. लपवायला जागाच नाही.

आणि मी लपवत आलेय, हे आज कबूल करते. पंधरा वर्षं येशूची चित्रं काढतेय, पण मला पाय येत नाहीत. झगा जमिनीपर्यंत सोडायचा, नाहीतर पुढ्यात एखादं कोकरू बसवायचं. लोक चेहऱ्याकडे पाहून "देवाचं देणं आहे तुला" म्हणायचे. ते ऐकून मी सुखावायची आणि सरावाला बसायची नाही. बायबलमधल्या निर्गमच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला नाव घेऊन बोलावतो, आपल्या आत्म्याने भरतो. पण लगेच पुढे सोनं, रुपं, पितळ, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीव काम हे सगळं येतं. तिथे आत्मा आणि हातातलं कसब एकाच वाक्यात आहेत. माझ्याच मनात ते वेगळे पडले होते.

शिवाजीनगरवरून जाताना मला चित्रकार अँजेलो दा फॉन्सेका आठवतात. जन्म १९०२चा, गोव्याचा. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि १९२७ साली स्थापन झालेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात पुढे कितीतरी वर्षं राहिले, इथे पुण्यातच, शिवाजीनगरला. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि आपल्याच माणसांकडून बोलणी खाल्ली. तरी १९६७मध्ये जाईपर्यंत काढत राहिले. त्यांच्या जलरंगांच्या बंगाली वॉश पद्धतीचं काम म्हणजे धीराचं काम. पातळ रंग लावायचा, वाळू द्यायचा, मग कागदच पाण्यात बुडवायचा. सुटा रंग निघून जातो, उरलेला कागदात मुरतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. मी दुसऱ्या बुडवणीलाच घाई करते आणि रंग मळतो.

मलाही ऐकावं लागलंय. दोन वर्षांपूर्वी एका चर्चच्या मंडळीने मोठं चित्र सांगितलं. पूर्ण झाल्यावर, "प्रभू जरा उजळ करा." मी नाही म्हटलं. चित्र ठेवून घेतलं, पैशांचं मात्र "सेवा समजा." तेव्हा फार रडले. सेवा मी आनंदाने करते, पण ती मी ठरवून द्यायची असते. आता आधी कच्चं रेखाटन दाखवते, निम्मे पैसे घेते, किती बदल करून देईन ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवते. पहिल्यांदा लिहिताना हात थरथरत होता. पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, पैसे मागायचे! पण या वेळच्या पाळकसाहेबांनी लगेच "बरोबर आहे, ताई" असं उत्तर पाठवलं, आणि त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम आली. त्यातून तीनशे जीएसएमचा जाड, चांगला कागद आणला. तो अजून गुंडाळूनच ठेवलाय. पाय जमल्याशिवाय उघडणार नाही.

झोपायला जाताना पप्पांनी पॅड हातात घेतलं, चष्मा वर सरकवून एकेक पान पाहिलं. नवव्यावर थांबले.

"हा डावा ना? अंगठा मोठा झालाय बघ."

झालाय खरा. उद्या चहानंतर पुन्हा टब भरते.