बटणाखालचा दाब

पेटंट एजंटने अर्ज लिहायचे, कोर्टात बोलायचं ते वकिलांनी. त्या दिवशी मी मात्र पिशवीत एक खिळखिळा कीबोर्ड घेऊन वकिलांच्या मागे बसले होते. गेटवरच्या तपासणीत त्यावरून बरीच विचारपूस झाली, ते असो.

अशील पुण्याचे इंजिनिअर. बटण किती जोरात दाबलं हे ओळखणारा त्यांचा कीबोर्ड. अर्ज २००८चा. पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी दोन जुनी पेटंटं पुढे ठेवली, एक साध्या कीबोर्डचं, दुसरं दाब ओळखणाऱ्या सिंथेसायझरचं, आणि 'यात उघड न वाटण्यासारखं काही नाही' म्हणून अर्ज फेटाळला. या दोन गोष्टी एकत्र करायचं जाणकाराला का सुचलं असतं, यावर चकार शब्द नाही. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) चा, म्हणजे शोध जाणकाराला उघड वाटणारा नसावा या अटीचा, सगळा प्रश्न तर तोच. आम्ही अपील केलं. पण अशी अपिलं ऐकणारं मंडळ, आयपीएबी, २०२१ मध्ये बंद झालं आणि आमचं अपील उच्च न्यायालयाकडे वर्ग झालं.

समोरच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा खटला काढला. गाडीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये उघड ठरवलं होतं. मुद्दा तगडा होता, खोटं कशाला बोला!

आमच्या वकिलांनी मागे हात केला. मी कीबोर्ड दिला.

वरची बटणं काढली की खाली रबराची चादर दिसते, प्रत्येक बटणाखाली एक छोटा घुमट. तो जरा तग धरतो आणि एकदम बसतो. न्यायमूर्तींनी स्वतः दोन-तीन घुमट दाबून पाहिले.

"म्हणजे हा बसेपर्यंत मधे दाब पोचतच नाही?"

"नाही, मिलॉर्ड. सगळा कडेने जातो. सिंथेसायझरच्या त्या पेटंटात हा घुमटच नाही. पेडलला निदान न हलणारी खीळ होती, सेन्सर तिथे बसला. इथे तो कुठे ठेवायचा आणि कधी वाचायचा, तोच शोध आहे."

मी अर्जात हेच चार पानं लिहिलं होतं. घुमटावरच्या एका बोटाने ते जास्त चांगलं सांगितलं.

आदेश रद्द झाला. पेटंट मात्र मिळालं नाही. दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे नव्याने सुनावणी. मायक्रोसॉफ्टने असाच कीबोर्ड २००९ मध्ये दाखवला होता, पण आमची तारीख आधीची, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती.

बाहेर जिन्यावर अशिलांनी विचारलं, "मॅडम, पेटंटची वीस वर्षं कधीपासून मोजतात?"

"अर्जाच्या तारखेपासून."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हणजे २०२८ला संपणार. सुनावणीची तारीख लवकर मागा."