पांढऱ्या पट्ट्याचे टायर

बेळगावात राहून पांढऱ्या पट्ट्याचे टायर बाळगायचे म्हणजे दोन प्रकारच्या मातीशी कायमचे वैर पत्करायचे. खानापूरच्या बाजूला जांभ्याची लाल माती, आणि निपाणी-चिकोडीकडे गेले की काळी. काळी माती भिजली की टायरला गोळ्यांनी चिकटते खरी, पण वाळल्यावर तिचे पापुद्रे सुटतात आणि उरलेली साध्या पाण्याने निघून जाते. लाल माती इतकी सरळ नाही. तिच्यातला लोहाचा गंज बारीक भुकटी होऊन रबरावरच्या ओरखड्यांत जाऊन बसतो. त्यामुळे ऐन श्रावणात जांबोटीच्या रस्त्याने जाऊन आले की माझ्या जुन्या फियाटच्या चारही चाकांना गेरू फासल्यासारखे दिसते, आणि ते त्याच संध्याकाळी धुतले नाही तर पुढे दुप्पट घासावे लागते.

मात्र सगळा दोष रस्त्याच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. गाडी नुसती छपराखाली झाकून ठेवली तरी पट्टा हळूहळू तपकिरी होतोच. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरच्या काळ्या रबरात संरक्षक रसायने मिसळलेली असतात. ती आतून सावकाश पृष्ठभागाकडे सरकत राहतात आणि हवेशी संयोग झाला की तपकिरी पडतात. काळ्या भागावर तो रंग खपून जातो, पांढऱ्यावर खपत नाही. टायरचे आयुष्य वाढवणारे द्रव्यच त्याची शोभा घालवते, तेव्हा हा डाग आज काढला तरी पुन्हा येणार, हे गृहीत धरूनच घासायला बसावे.

वास्तविक आरंभीचे टायर फिकटच असत. रबराचा चीक पांढरा आणि त्यात झिंक ऑक्साइडची भर. पुढे 1910 च्या सुमारास मजबुतीसाठी रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळी, मिसळू लागले. ती प्रथम जमिनीला टेकणाऱ्या भागातच घालत, म्हणून बाजू पांढऱ्या राहिल्या. 1920 च्या दशकात तर संपूर्ण काळा, चकचकीत टायर हेच श्रीमंतीचे लक्षण होते, कारण त्याला निगा कमी लागे. मग 1934 मध्ये फोर्डने पांढऱ्या बाजूचे टायर 11.25 डॉलर जादा घेऊन देऊ केले, आणि बघता बघता पांढऱ्याची हौस वाढत गेली. निगा न लागण्यात वैभव मानणारी माणसे मला अधिक शहाणी वाटतात. तरीही रविवारी सकाळी बादली घेऊन मी अंगणात बसतोच.

नव्या टायरच्या पट्ट्यावर कारखान्यातूनच निळा लेप येतो. तो पाण्यात विरघळणारा असतो आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीच साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन टाकायचा असतो. पुढची धुलाई सावलीत, चाके गार झाल्यावर आणि गाडीचे अंग धुण्याआधी करावी, कारण घासताना उडणारे मळके पाणी पत्र्यावर जातेच. साबण आणि नायलॉनचा ब्रश बहुतेक वेळा पुरतो. हट्टी डागावर बारीक तारेची साबण लावलेली घासणी हलक्या हाताने फिरवावी. पॉलिश कागद अगदी नाइलाज झाला तरच. कारखान्यात वरचा काळा पापुद्रा घासून आतला पांढरा थर उघडा केलेला असतो, आणि तो थर काही जाड नसतो. गॅरेजवाले पेट्रोलचा बोळा फिरवायला सांगतात. त्याने डाग जातो, पण रबर कोरडे पडते; ब्लीचचेही तेच. टायर पॉलिशने काळा भाग खुलतो, पट्ट्यावर मात्र त्याची पिवळट झाक राहते.

याखेरीज आपल्याकडे खंडेनवमी आहे. शेजारच्या कन्नड कुटुंबांची आयुधपूजाही त्याच दिवशी, त्यामुळे गल्लीभर कोहळे फुटत असतात आणि चाकांखाली लिंबे ठेवलेली असतात. हळदीकुंकवाची बोटे काळ्या रबरावर उमटत नाहीत म्हणून आमच्या काकू नेमक्या पांढऱ्या पट्ट्यावर ओढतात. आधी पट्टा पुसून घ्यावा, फुले स्टिअरिंगला वाहावीत, असे सुचवून पाहिले. काकूंनी ते ऐकून घेतले आणि पाचही बोटे ओढली. या डागाला साबण लावू नये, कारण साबणातल्या क्षाराने हळद लालसर होते आणि डाग अधिकच डोळ्यांत भरतो. कुंकू तेवढे ओल्या फडक्याने टिपून घ्यावे आणि गाडी उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हात आपोआप विटतो, आणि दसऱ्यानंतरच्या आमच्याकडच्या उन्हाला ते काम सहज जमते.

पावसाळ्यात टायर उतरवून ठेवायचे झाल्यास पांढऱ्या बाजूला दुसऱ्याची पांढरी बाजूच लावावी, नाहीतर काळ्या रबराचा डाग पट्ट्यात उतरतो. डिकीत स्टेपनीला लागून काळा रबरी पाइप ठेवायचा नाही तो यासाठीच.