कोल्हापूरचा कोल्हा

माझ्या सी भाषेतल्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये पत्ते साठवण्याचे एक स्ट्रक्चर (एकमेकांशेजारी मांडलेले रकाने) आहे. त्यात गावाच्या नावाला २० बाइट दिले आहेत आणि लगेच पुढे पिनकोड आहे. नाव भरताना मी स्ट्रएनकॉपी (दिलेल्या मर्यादेपर्यंतच बाइट उतरवून घेणारे फंक्शन) वापरले होते आणि मर्यादाही २०च दिली होती. २०१८ साली आलेल्या जीसीसी ८ या कंपायलरने नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले: मर्यादा आणि बफरचा (नाव ठेवायच्या जागेचा) आकार सारखाच आहे. इंग्रजी नावे आरामात बसत असल्यामुळे मला ती नुसती कटकट वाटली आणि मेकफाइलमध्ये (कंपायलरला द्यायच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ती वॉर्निंगच बंद करून मी मोकळा झालो.

पुढे नावे मराठीत येऊ लागली. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. त्यामुळे 'कोल्हापूर' या नऊ चिन्हांच्या नावाला २७ बाइट लागतात. स्ट्रएनकॉपीने त्यातले पहिले २० उचलले, शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट ठेवायला जागाच उरली नाही आणि छापताना गावाच्या नावाला चिकटून पिनकोडही बाहेर पडला. यात त्या फंक्शनचा दोष नाही. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील फाइलचे नाव १४ बाइटांच्या ठरावीक रकान्यात ठेवले जाई, आणि रकाना पूर्ण भरला तर शून्य नसे. स्ट्रएनकॉपीची रीत तशाच रकान्यांना साजेशी आहे. त्याला 'सुरक्षित स्ट्रकॉपी' (मर्यादा न पाहता उतरवणाऱ्या फंक्शनची सुरक्षित आवृत्ती) समजण्याची चूक आपली.

मग मी रूढ उपाय केला: मर्यादा १९ आणि शेवटच्या बाइटमध्ये शून्य. वॉर्निंग गेली, पिनकोड सुटा झाला, आणि पडद्यावर 'कोल्हा' व त्यापुढे प्रश्नचिन्हाचा एक चौकोन उमटला, कारण १८ बाइटांत सहा चिन्हे संपतात आणि एकोणिसावा बाइट पुढच्या 'प'चा तुटलेला तुकडा असतो. तो तुकडा शोधून काढून टाकता येतो, पण तरीही उरतो तो कोल्हाच! कंपायलरला बाइट मोजता येतात. गाव कुठे तोडले तर जनावर होते, हे त्याला कळण्याचे कारण नाही.

म्हणून आता मी तोडणेच बंद केले आहे. बफरच्या मर्यादेत मजकूर लिहिणारे एसएनप्रिंटएफ हे फंक्शन पूर्ण मजकुराला एकूण किती बाइट लागले असते तो आकडा परत देते (शेवटचे शून्य वगळून). तो बफरच्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा आला, तर नोंद नाकारून वापरणाऱ्याला तसे सांगायचे. परत आलेला आकडा तपासला जात आहे असे दिसले, की जीसीसीची 'फॉरमॅट-ट्रंकेशन' ही (मजकूर तुटू शकतो असे सांगणारी) वॉर्निंगही नेहमीच्या पातळीवर गप्प राहते. गावाचा रकाना मी ९६ बाइटांचा केला आहे. एका जुन्या फाइल-फॉरमॅटमधील रकान्यात शून्य नसणेच अपेक्षित आहे. तेवढ्या एका अ‍ॅरेला 'नॉनस्ट्रिंग' हे (शेवटी शून्य असेलच असे नाही, हे कंपायलरला सांगणारे) अ‍ॅट्रिब्यूट लावले, आणि मेकफाइलमधला वॉर्निंग बंद करणारा तो जुना पर्याय काढून टाकला.