४३०० वर आलो एकदाचा

गाडीच्या हेडलाइटचे बल्ब बदलायचे होते, दुकानदार म्हणाला सर ६००० केल्विन टाका, एकदम पांढराशुभ्र उजेड, आणि मी पण भुललो. पुण्यात मस्त दिसायचं हो, पण जुलैत ताम्हिणी घाटात धुकं नि पाऊस एकत्र आले आणि समोर नुसता पांढरा पडदा, ओला डांबरी रस्ता तर सगळा उजेड पिऊनच टाकत होता, कडेचा पट्टा शोधत शोधत सेकंड गिअरवर उतरलो, बायको गप्प (हे जास्त भीतीदायक). मुळात केल्विन म्हणजे उजेडाचा रंग, उजेड किती ते ल्युमेनवर. साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास, पिवळसर, आणि ८००० म्हणजे चक्क निळा. आता ४३०० चे टाकलेत, दुधात चिमूटभर हळद टाकल्यासारखा रंग. फॉगलॅम्प मात्र ३००० चेच, पिवळेधमक.