टीव्हीमागचा कॉम्प्युटर
आज आईचा कॉम्प्युटर सुरू झाला! पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच उघड्या सर्किट बोर्डवरचा रास्पबेरी पाय ४.

काल मोबाइलच्या जुन्या चार्जरवर लावला, तर पडद्याच्या कोपऱ्यात सारखं पिवळं विजेचं चिन्ह. म्हणजे वीज कमी पडतेय. त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टरच हवा. भर उन्हात पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली. दुकानदार काकांनी टीव्हीपर्यंत पुरेल अशी लांब मायक्रो एचडीएमआयची केबलही आठवणीने दिली (साधी यात बसतच नाही) आणि चिपवर चिकटवायला छोटे हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे.

संध्याकाळी टीव्हीला जोडला. पेनड्राइव्हमधले बाबांचे फोटो आईने स्वतः माउस धरून उघडले. सिंहगडावरच्या एका फोटोपाशी थांबली, चष्मा पुसला, म्हणाली, "हा जरा मोठा कर ना रे."

उद्या मराठी टायपिंग. मावशीला पत्र लिहायचंय तिला.